लोरेना प्रुइटची रेघ

वॉल्टर टिबेट्सने मंगळवारी सकाळी कागदांचा गठ्ठा लोरेना प्रुइटच्या टेबलावर ठेवला आणि कुणी न विचारताच सांगितलं, "माझाच सीन आहे." तिथेच लोरेनाला कळलं की सीन त्याचा नाही. स्वतःची चित्रं आणणारा माणूस असलं काही सांगत नाही. तो गठ्ठा आदळतो, कॉफी संपली का विचारतो आणि चालू लागतो.

तिने वरची वीसेक पानं बोटांत धरून सर्रकन सोडली. ओट्सच्या जाहिरातीतला कोंबडा अंगणातून चालत गेला. पाय उचलायचा, क्षणभर हवेत धरायचा, टाकू की नको असा विचार करायचा आणि मग टाकायचा. वॉल्टर गुणी माणूस होता, पण त्याचे कोंबडे चालत नसत, घसरत. असा विचार करून पाऊल टाकणारा कोंबडा अख्ख्या लॉस एंजलिसमध्ये एकच माणूस काढू शकत होता, आणि त्या माणसाचं नाव घ्यायची सोय राहिली नव्हती.

मॉरिस लिपकिन. दोन वर्षांपूर्वी कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सरकारी समितीपुढे कुणीतरी हात वर करून शपथ घेतली आणि ओळखीपाळखीच्या वीस जणांची नावं सांगून आपली मान सोडवून घेतली. त्या वीस जणांत मॉरिस होता. गुन्हा काय, तर बारा वर्षांपूर्वी मोठ्या स्टुडिओत संप झाला तेव्हा तो फाटकावर पुढे उभा होता, आणि त्याआधी कधीतरी कुठल्याशा सभांना जाऊन बसला होता. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन कुणी उचलेना. पंचवीस वर्षं चित्रांना चालायला शिकवलेला माणूस एका लाँड्रीची गाडी चालवून घरोघरी धुतलेल्या चादरी पोचवू लागला. उरलेल्या वेळात तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढायचा, ती वॉल्टर आपल्या नावावर आणायचा, आणि मिळालेला मोबदला गुपचूप त्याला नेऊन द्यायचा. वॉल्टरला यात एक सेंट सुटत नव्हता. पकडला गेला असता तर मात्र त्याचंही नाव त्याच यादीत गेलं असतं.

हे लोरेनाला कुणी सांगितलं नव्हतं. आठ महिने ती पेन्सिलीच्या रेघांवरूनच वाचत होती.

बटरकप कार्टून्समध्ये शाईच्या खोलीत आठ बायका बसत आणि लोरेना त्यांची मुख्य. चित्रकारांचे पेन्सिलचे कागद आले की त्यावर सेल्युलॉइडचं पारदर्शक पान ठेवायचं आणि टाकाने शाईत गिरवायचं. हाताचा घाम लागू नये म्हणून सुती हातमोजा घालायचा, त्याची दोन बोटं कापलेली. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची. मध्ये श्वास घेतला तर रेघ थरथरते आणि पडद्यावर कोंबड्याला हिवताप झाल्यासारखं दिसतं. वीस वर्षं हे काम केल्यावर लोरेनाला चित्रकारांचे हात असे ओळखू येत, जशी आईला पोरांच्या पावलांची चाहूल.

मालक क्लाइड मॅकनल्टी याला हे प्रकरण ठाऊक होतं का? ते देवच जाणे. काही गोष्टी माहीत नसण्यात क्लाइडचा हात धरणारा कुणी नव्हता. वॉल्टर अचानक इतका सुधारला कसा, असं त्याने एकदाही विचारलं नाही, यावरून काय ते समजावं.

तर लोरेनाने तो गठ्ठा उचलला, सगळ्यांत चांगला हात असलेल्या ओपलला अर्धा दिला, अर्धा स्वतःकडे ठेवला.

"हा वॉल्टरचा?" ओपलने पानं सोडून पाहिली. "काय खातो काय हा हल्ली?"

"ओट्स," लोरेना म्हणाली. "गिरव गं मुकाट्याने."

*

लोरेना गप्प राहायची त्यामागे नुसता चांगुलपणा नव्हता. या माणसाच्या उपकाराचं ओझं तिच्या मनावर होतं आणि ते उतरवायची संधी तिला कधी मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मिळाली होती, हिलाच तोंड उघडायची लाज वाटली होती.

बारा वर्षांपूर्वी मोठ्या स्टुडिओतली निम्मी माणसं संपावर गेली तेव्हा तिथेच कामाला असलेली लोरेना मात्र आत गेली. तिची आई हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती, औषधं महाग, घरात कमावणारी ही एकटी. एक आठवडा पगार चुकला तरी चालणार नव्हतं. तेव्हा ती रोज सकाळी बसमधून उतरायची आणि फाटकापर्यंतची चारशे पावलं आपल्याच माणसांच्या शिव्या खात चालायची. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्या मुली तोंडावर गद्दार म्हणायच्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं, म्हणून ते जास्त लागायचं.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिची टोपी उडवली. चौथ्या दिवशी ती बसमधून उतरली तर मॉरिस लिपकिन थांब्यावर उभा. खांद्यावर संपाचा फलक, तोंडात विझलेली सिगार.

"मिस प्रुइट, आई कशी आहे?" त्याने विचारलं आणि तिच्या शेजारून चालायला लागला. लोक बाजूला झाले. फाटकाशी आल्यावर त्याने हॅट उचलली, ती आत गेली, तो वळून रांगेत गेला. मग हे रोजचंच झालं. सात आठवडे. त्याच्याच माणसांनी त्याला पिडायला कमी केलं नाही. "लिपकिन, लग्नाची तारीख ठरली का रे?" कुणी ओरडायचं. "बायकोला सांगितलंस का?" तो म्हणायचा, "बायकोनेच पाठवलंय."

संप त्यांनी जिंकला. शाईच्या खोलीतल्या मुलींचा पगार जवळजवळ दुप्पट झाला, आणि तो लोरेनाचाही झाला. उपाशी ते राहिले आणि ताट हिच्याही पुढे आलं. त्या पैशांवर तिची आई आणखी चार वर्षं जगली. संप मिटल्यावर वर्षभरात स्टुडिओने काहीतरी खुसपट काढून मॉरिसला घालवलं. ज्या दिवशी तो आपल्या पेन्सिली खोक्यात भरून निघाला, त्या दिवशी लोरेना जिन्यात त्याच्या समोर आली, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि "आज उकडतंय नाही" एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "हो ना." संपलं. त्या उकाड्याची आठवण झाली की आजही तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

*

गुरुवारी सकाळी क्लाइडने तिला आपल्या खोलीत बोलावलं. ती हातमोजा न काढताच गेली. क्लाइड खुर्चीत होता, वॉल्टर भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. टेबलाशी एक गोड आवाजाचा, नीटनेटका गृहस्थ बसला होता.

"हे मिस्टर प्रेंटिस," क्लाइड म्हणाला. "ओट्सवाल्यांच्या जाहिरात कंपनीकडून आलेत. कोण काम करतंय, कसली माणसं आहेत, ते बघतात."

"बसा ना, मिस प्रुइट," प्रेंटिस म्हणाला. "तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. तुम्हाला सगळ्यांचे हात ठाऊक, असं ऐकलं."

"वीस वर्षं तेच करतेय."

"वा. मग तुम्हीच आमचा घोळ मिटवा." त्याने आठ मोठे फोटो टेबलावर मांडले. चार या जाहिरातीतल्या कोंबड्याचे, चार जुन्या, मोठ्या स्टुडिओतल्या एका कार्टूनमधल्या बदकाचे. "आम्हाला एक पत्र आलंय. सही नाही, पण लिहिणारा जाणकार दिसतो. तो म्हणतो, या दोन्हींमागे एकच हात आहे. हे बदक लिपकिन नावाच्या माणसाने काढलेलं. ही पापणी बघा. ही मानेची रेघ, वर बारीक, खाली जाड, पुन्हा बारीक. इकडेही तीच. मी काही चित्रकार नाही, पण मला डोळे आहेत. हे टिबेट्स म्हणतात, काम यांचं आहे. कोंबडा लिपकिनचा निघाला, तर हे काम आजपासून बंद, आणि टिबेट्स यांनाही पुढे अवघडच जाईल. आता तुम्ही सांगा. ही रेघ कुणाची?"

क्लाइड खिडकीबाहेर बघू लागला. वॉल्टरने डोळे मिटले. त्याची दोन पोरं शाळेत होती आणि मॉरिसच्या घरात चादरी पोचवण्याच्या पगाराशिवाय या चित्रांचेच काय ते पैसे येत होते.

लोरेनाने फोटो एकेक करून जवळ ओढले. बराच वेळ पाहिले. मग तिला हसू यायला लागलं आणि तिने ते मोठ्या कष्टाने आवरलं. या शहाण्याने फोटो आणले होते. चालतं कोंबडं बघितलं असतं तर आंधळ्यालाही मॉरिस दिसला असता. पण फोटोत कोंबडं चालत नाही. फोटोत नुसती रेघ असते.

"दोन्हींमागे एकच हात आहे," ती म्हणाली.

वॉल्टरच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"माझा," लोरेना म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ही रेघ माझी आहे. चित्रकाराची पेन्सिल पडद्यावर जात नाही, साहेब. ती कागदावरच राहते आणि कागद गोदामात जातो. तुम्ही बघता ती शाई असते. ते बदक मी गिरवलं, हा कोंबडा मी गिरवला. वर बारीक, खाली जाड, पुन्हा बारीक, असं मी ओढते. कागद आणा, आत्ता ओढून दाखवते."

क्लाइडने इतक्या तत्परतेने कागद पुढे केला की त्याला सगळं ठाऊक होतं याबद्दल तिची खात्रीच पटली. तिने टाक घेतला, श्वास रोखला आणि बदकाची मान ओढली. शेजारी कोंबड्याची. प्रेंटिसने फोटो लावून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. वीस वर्षांत ही रेघ कुणाची असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं तेही एका माणसाला बुडवण्यासाठी, आणि उत्तर देताना तिच्या छातीत जी ऊब दाटून आली तिला अभिमान म्हणायला हरकत नव्हती.

"अस्सं," प्रेंटिस म्हणाला आणि त्याने पेन उघडलं. "म्हणजे तुम्हीही त्या स्टुडिओत होता. संपाच्या वेळी?"

"होते."

"बाहेर होता?"

"नाही. मी आत गेले. रोज."

त्याचा चेहरा एकदम फुलला. तो उठून तिचा हात हातात घेऊन दाबू लागला. "असं सांगा ना, मिस प्रुइट. तुमच्यासारख्यांमुळे हा देश उभा आहे. तुम्ही केलंत त्याबद्दल कुणी तुमचे आभार मानले का?"

"नाही," ती म्हणाली. ज्या गोष्टीची तिला बारा वर्षं लाज वाटली त्या गोष्टीचे आभार हा माणूस मानत होता, आणि हात सोडत नव्हता.

"मी मानतो. आता एक करा." त्याने बॅगेतून आणखी एक फोटो काढला. फाटकावरची गर्दी, फलक, उघडी तोंडं. "तुम्ही रोज यांच्यामधून गेलात. सात आठवडे. तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. यातले निम्मे चेहरे आम्हाला ओळखू येत नाहीत. तुम्ही बोट ठेवा, मी लिहून घेतो. घाई नाही."

फोटोत पहिल्याच रांगेत तिला टोपी उडवणारी हेझेल दिसली, ती आता पासाडीनाला शाळेत चित्रकला शिकवत होती. तिच्या मागे डबा वाटून खाणारा रॉय. कडेला, हॅट हातात घेऊन, अर्धवट वळलेला मॉरिस. एकेक चेहरा तिला नावागावासकट, बायकापोरांसकट ओळखू येत होता. एक बोट ठेवलं असतं तर ती जन्मभर या प्रेंटिसच्या लेखी सज्जन ठरली असती. नाही ठेवलं तर तिचं काय होईल हे तिलाही सांगता येत नव्हतं. पन्नाशी जवळ आलेली, एकटी बाई, हातात एवढी एकच कला.

"मला ओळखता येणार नाही," ती म्हणाली.

"रोज त्यांच्यातून गेलात आणि ओळखता येणार नाही?"

"साहेब, लोक मला शिव्या घालत होते. मी मान खाली घालून चालत होते. मला फक्त बूट दिसायचे. बुटांचा फोटो असला तर आणा, मी प्रयत्न करते."

क्लाइडला खोकला आला. प्रेंटिसने तिच्याकडे बघत पेनाला टोपण लावलं. "बाई, न आठवणंसुद्धा आमच्याकडे लिहून ठेवतात," तो म्हणाला, पण आवाजातला गोडवा कमी झाला होता.

"लिहा. प्रुइट, शेवटी दोन टी."

तो गेल्यावर वॉल्टर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून राहिला. क्लाइडने खणातून बाटली काढली, तिघांच्या कपात थोडी थोडी ओतली आणि इतकंच म्हणाला, "मला या प्रकरणातलं काही माहीत नाही." सोमवारी ओट्सवाल्यांचं पत्र आलं. कोंबडा मंजूर होता, आणखी चार जाहिराती हव्या होत्या.

*

पुढच्या रविवारी दुपारी लोरेना पीचचा केक भाजून, तो टॉवेलात गुंडाळून, दोन ट्राम बदलून बॉइल हाइट्सला गेली. लिपकिनांच्या जिन्यात लोणच्याचा आणि कपड्यांच्या साबणाचा वास होता. दार मॉरिसनेच उघडलं. केस पांढरे झाले होते, कानावर पेन्सिल होती. आत स्वयंपाकघरातल्या टेबलाला मधोमध भोक पाडून काच बसवली होती आणि काचेखाली दिवा होता; काचेवर अर्धवट काढलेल्या कोंबड्याचा कागद होता. त्याची बायको फ्रीडा भांडी घासत होती.

"लोरेना," तो म्हणाला. "अगं, मीच येणार होतो तुझे आभार मानायला. पण मी दारात दिसलो तर तुझ्या नोकरीवर गदा यायची. वॉल्टरने सगळं सांगितलं. बुटांचं ऐकून फ्रीडा इतकी हसली की..."

"थांबा," लोरेना म्हणाली. ती अजून उंबऱ्यातच होती, केक हातात तसाच. "आधी मला बोलू द्या. नाहीतर मी पुन्हा उकाड्याविषयी बोलेन. तुम्ही मला सात आठवडे फाटकापर्यंत सोडलंत. तुम्ही लोकांनी हाल काढलेत आणि पगार माझा वाढला. माझी आई चार वर्षं जास्त जगली ती तुमच्या जिवावर. मी आत गेले आणि तुम्ही मला एका शब्दाने दुखवलं नाहीत. मी तुमची फार फार ऋणी आहे, मिस्टर लिपकिन. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

फ्रीडाने नळ बंद केला. मॉरिसने कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, ती घरंगळली, त्याने पुन्हा ठेवली.

"तिसऱ्या दिवशी मी संप सोडणार होतो," तो म्हणाला.

लोरेनाने फ्रीडाकडे पाहिलं.

"खरंच. धाकटी तापाने फणफणली होती, घरभाडं थकलं होतं. हिला विचार. हिलाही मी सांगितलं होतं, उद्या आत जातो. आणि त्या दिवशी कुणीतरी तुझी टोपी उडवली. तू ती उचललीस, झटकलीस, आणि आत गेलीस. मला तुझा चेहरा दिसला. म्हटलं, या बाईपाशी माझ्यापेक्षा मोठं कारण आहे, तरी आत जाताना तिचा जीव असा तुटतोय. मग मी गेलो तर माझं काय होईल?"

"म्हणून तुम्ही मला सोडायला आलात?"

"तुला कुठलं सोडायला? मी माझ्यासाठी यायचो. तुझ्याबरोबर थेट फाटकापर्यंत चालायचो, आत जायला एक पाऊल उरायचं, आणि तिथून मागे वळायचो. रोज एकदा तसं वळलो की तो दिवस निभायचा. तू ज्या दिवशी सर्दीने आली नाहीस ना, त्या दिवशी मी फाटकाकडे फिरकलोच नाही. भीती वाटली, आत जाईन म्हणून."

लोरेनाच्या लक्षात आलं. "म्हणजे मी नसते तर तुम्ही आत गेला असतात. मग तुमचं नाव त्या यादीत..."

"नसतं," मॉरिस म्हणाला. "नाव घेणाऱ्यांत असतं. त्या वीस जणांची नावं सांगणारा माणूस चौथ्या दिवशी आत गेला होता. माझ्याच शेजारी बसायचा. आम्ही दोघं मिळून जाणार होतो." त्याने तिच्या हातातला केक घेतला आणि तो धरून तसाच उभा राहिला, कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा. "आता बोल, कोणी कोणाचे आभार मानायचे?"

लोरेनाने ओंजळीत तोंड लपवलं आणि ती रडली, मोकळेपणाने, बारा वर्षांचं. फ्रीडाने ओले हात पुसले, तिला खांद्याला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो केक काचेवर ठेवू नका, कोंबडा खराब होईल. ताटल्या काढा आधी."